पावण्यांची खोली

ज्या बैठकीला मी गैरहजर होते, त्या बैठकीत माझी एकमतानं निवड झाली. निवड कशासाठी हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर कळलं. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी आमच्या शाळेत एक साहाय्य केंद्र निघणार होतं आणि त्याची प्रमुख मी होते. बैठकीच्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. दाढ खरोखरच काढलेली होती, त्यामुळे माझ्यावर कुणाला संशयही घेता येईना आणि मला तोंड उघडून नाही म्हणताही येईना.

शाळा कोल्हापूरच्या कडेला आहे. एका अंगाला नव्या इमारती, दुसऱ्या अंगाला ऊस. दिवाळी झाली की त्या उसासाठी बीडकडून तोडणीची माणसं येतात आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात खोपी घालून राहतात. मार्चमध्ये ऊस संपला की निघून जातात. केंद्र मुख्यतः त्यांच्यासाठी होतं.

केंद्राला पाच नंबरची खोली मिळाली. तिच्यात मोडके बाक आणि गॅदरिंगचे पडदे होते, ते तसेच राहिले. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर चौदा फोटो होते. त्यात मी नव्हते आणि तोडणीचं माणूसही नव्हतं. वर मोठ्या अक्षरात 'स्थलांतरित कुटुंब साहाय्य व मार्गदर्शन केंद्र' असं लिहिलेलं. आमचे शिपाईमामा मात्र पहिल्या दिवसापासून तिला पावण्यांची खोली म्हणाले. "बाई, पावण्यांची खोली उघडू का?" असं ते रोज विचारत आणि रोज उघडत. पहिले दोन आठवडे एकही पावणं आलं नाही.

कारण अगदी साधं होतं. आमची वेळ अकरा ते पाच. ऊस तोडणारी माणसं पहाटे चारला फडात जातात आणि दिवस मावळल्यावर परततात. हे शाळेपासून हाकेच्या अंतरावर दर वर्षी चाललेलं होतं आणि मी त्या शाळेत अठरा वर्षं शिकवत होते. मामांना सगळं ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं.

"तुमी इचारलं न्हाई की," मामा म्हणाले.

कारखाना साफसफाईसाठी एक दिवस बंद राहिला तेव्हा पहिल्यांदा बायका आल्या. रिकाम्या हातानं कशा येतील, म्हणून प्रत्येकीनं वाढ्याचा एक एक भारा आणला. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणीवाल्यांचा त्यावर हक्क असतो, आणि आमच्याकडच्या म्हशीवाल्यांचं त्यावर लक्ष असतं. संध्याकाळी खोप्यांपाशी सायकली आणि मोटारसायकली लागतात, त्या वाढ्यासाठी. बाकी आमच्या गावाचा आणि त्या माणसांचा काही संबंध नाही. तर माझ्या टेबलापुढं वाढ्याचा ढीग झाला. मी म्हैस पाळत नाही. मामांच्या दोन म्हशी होत्या. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं केंद्राचा सगळा ढीग ताब्यात घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्राच्या चहाला घरचं दूध येऊ लागलं. आमच्या केंद्रात सगळ्यात आधी सुरळीत झालेली योजना ती हीच. तिला कुणाची मंजुरी नव्हती.

मग मीही वेळ बदलली. संध्याकाळी साडेसहा ते आठ. लसीकरण, रेशन, मुलांचे दाखले, कोयता लागलेल्या बोटांना पट्ट्या. एकतीस मुलं शाळेत दाखल झाली. प्रत्येकाची नोंद मी स्वतः रजिस्टरात केली. त्यात 'पालकाचा मोबाइल क्रमांक' असा एक रकाना होता. एकतीस मुलांपुढं एकच क्रमांक आला.

तो मुकादमाचा होता. मुकादम म्हणजे गावाकडून टोळी गोळा करून आणणारा आणि टोळीच्या वतीनं कारखान्याशी बोलणारा माणूस. टोळीतल्या लोकांची सिमकार्डं दर हंगामाला बदलतात. मुकादमाचा नंबर मात्र सगळ्यांना पाठ, अगदी आपल्याला घराचा पत्ता पाठ असतो तसा. नंबर विचारला की ते तोच सांगत. एकच नंबर पुन्हा पुन्हा येतोय हे मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं, आणि मला बरं वाटलं. एका ठिकाणी निरोप दिला की सगळ्यांना पोचेल, असा मी विचार केला. मी हुशार आहे असं मला त्या काळात अधूनमधून वाटायचं.

त्या एकतिसांत सातवीतली एक मुलगी होती. तेरा वर्षांची, काटकुळी, बोलायला फटकळ. आमच्याकडच्या लोकांचं मोठ्यानं बोलणं तिला नवीन होतं. "बाई, तुमच्याकडची मानसं भांडत्यात का बोलत्यात?" असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मामांची नक्कल ती हुबेहूब करी. मामांसमोरच करी. मामा ऐकून घेत आणि "'न्हाई', 'हाय की', ह्येच्यात दम न्हाई," अशी दुरुस्ती सुचवत.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी तिची आई एकटी आली. हाताला लागलंय म्हणाली. पट्टी सोडून बघितली तर जखम जुनी, सुकून गेलेली. तरीही मी नवी पट्टी बांधली. ती उठेना. खोलीत दुसरं कुणी नाही हे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, माही पोरगी ठिवून घेता का?"

मुलीचं लग्न ठरलं होतं. अक्षय तृतीयेला. मुलगा मुकादमाच्या भावाचा. मुकादम म्हणेल त्याला बापाची मान हलायची, तशी ती याही वेळी हललेली होती. आईला कुणी विचारलं नव्हतं.

मी तिला कायदा सांगितला. अठरा वर्षं, गुन्हा, शिक्षा, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"कायदा हितं हाय बाई," ती म्हणाली. "लगीन तिकडं हाय."

वारणेच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आहे. जूनपासून तिथं प्रवेश मिळू शकत होता. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, करा. फक्त एवढंच, की कुणाला कळू देऊ नका. कळलं तर पोरीला उद्याच्या उद्या गावाकडं धाडतील. मी शब्द दिला. मी तोंडानं कुणालाही सांगितलं नाही, ही गोष्ट मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकते.

आठवड्यानं निवासी शाळेतून फोन आला की मुलीचे दोन फोटो लागतील. मी रजिस्टर उघडलं, सवयीनं मुलीच्या नावापुढचा नंबर घेतला आणि टाइप केलं: आपल्या पाल्याच्या निवासी शाळा प्रवेशासाठी दोन फोटो घेऊन यावे. खाली केंद्रप्रमुख म्हणून नाव टाकलं. मिनिटभरात मेसेज वाचल्याची खूण आली. हे पालक फार तत्पर आहेत, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम शाळेत आला. पांढरे कपडे, पायांत कोल्हापुरी चपला, त्याही आमच्यापेक्षा चांगल्या. नमस्कार केला, खुर्चीवर बसला आणि टेबलावर दोन फोटो ठेवले.

"तुम्ही आनायला सांगितले व्हते," तो म्हणाला.

फोटोत ती मुलगी साडीत होती. केसांत गजरा, ओठांना काहीतरी लावलेलं, मान एका बाजूला वळवलेली. फोटो स्थळाला दाखवायला काढलेले होते. "आमच्याकडं हेच हायेत," तो म्हणाला.

मी सांगितलं की शाळेची योजना आहे, सगळ्याच मुलींची नावं पाठवतो.

"मंग सगळ्याईचे मेसेज याला पायजे व्हते. माह्याकडं एकच आला."

मामांनी चहा आणून ठेवला, तो त्यानं सावकाश प्यायला, चांगला आहे म्हणाला. मग खिशातून डायरी काढली आणि मला दाखवली. धमकी म्हणून नाही. दुकानदार माल दाखवतो तशी. डायरीत जोडीनं नावं होती. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. पुढच्या हंगामाच्या पानावर त्याच्या पुतण्याचं नाव होतं आणि शेजारी त्या मुलीचं.

"ती तेरा वर्षांची आहे," मी म्हणाले. "अठरा व्हायला हवीत."

"होत्याल की बाई," तो म्हणाला. "सगळ्याईला होत्यात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्या दिवसापासून मुलगी शाळेत यायची बंद झाली. मी संध्याकाळी खोप्यांवर गेले. तिची आई चुलीपुढं होती, आजूबाजूला चार बायका. माझ्याकडं न बघता ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या पोरीला शाळा नगं बाई. पानी भराय लागतंय." मुलगी खोपीच्या दारात बसली होती. तिनंही वर बघितलं नाही. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एका बाईनं आयुष्यात एकदा कुणावर तरी भरवसा टाकला, आणि मी तो तिच्याच मुकादमाला पाठवून दिला.

बालविवाहाच्या तक्रारीचे फोन मी केले. मुलीचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तिकडं विचारा असं इकडून सांगितलं. मुलगी सध्या तिकडं नाही, म्हणून इकडं विचारा असं तिकडून. दोन्हीकडं माणसं सभ्य होती.

मामा हे सगळं दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बाई, रागावणार नसशीला तर एक बोलतो. त्यो मोबाइल खणात घाला. निरोप द्याचा तर मी हाय की."

"तुम्ही कसे देणार?"

"मी रोज वाढ्याला जातोय. मला कोण इचारतंय?"

खरंच कुणी विचारत नव्हतं. रोज संध्याकाळी मामा सायकल घेऊन खोप्यांवर जात. तिथं पंधरा म्हशीवाले असत, त्यांतले एक मामा. मुलीची आई त्यांना भारा बांधून देई. भारा उचलून कॅरियरवर ठेवायला दोघं वाकत, तेवढ्या वेळात दोन वाक्यं होत. एक तिचं, एक मामांचं. मामा परत येऊन मला ती सांगत, आणि त्यांत स्वतःचं काही मिसळत नसत. माझ्या मेसेजपेक्षा हे चांगलं चाललं होतं.

फेब्रुवारीत मी प्रवेशाचा अर्ज आणि मुलीला माझ्याकडं सोपवत असल्याचं एक पत्र मामांजवळ दिलं. अंगठ्यासाठी शाईचा पॅड त्यांनी खिशात नेला. तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद वाढ्याच्या भाऱ्यात घडी करून आले. मामा घरी पोचेपर्यंत विसरले आणि त्यांनी भारा म्हशीपुढं टाकला. आठवण झाली तेव्हा म्हशीनं अर्जाचा एक कोपरा खाल्लेला होता. सुदैवानं त्या कोपऱ्यात 'कार्यालयीन उपयोगासाठी' एवढंच होतं. आईचा अंगठा शाबूत होता, स्वच्छ, जांभळा, जरा जास्तच दाबून केलेला. निवासी शाळेच्या बाईंना मी खरं ते सांगितलं. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला आणि फाइलला लावला.

एवढं झालं तरी मुलगी इथं राहणार कशी, हे मला सुचत नव्हतं. अर्ज जूनचा होता, गाड्या मार्चमध्ये जाणार होत्या आणि गावाकडं अक्षय तृतीया वाट बघत होती. मामांकरवी मी तिच्या आईला तसं विचारलं. उत्तर आलं, "बाईला म्हनावं, तुम्ही काई करू नका." माझ्या कामाबद्दल तिचं मत काय झालं होतं, ते मला त्यातून समजलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊस संपला. शेवटची मोळी टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रक लागले. मी शाळेच्या गच्चीवरून बघत होते. खाली यायची मला बंदी होती, आणि ती मीच घालून घेतली होती. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढलं. मुकादम डायरी घेऊन उभा होता. एकेक जोडी चढली की खूण करत होता. कोयते बरोबर भरले. पोरं डायरीत नसतात. पुढच्या ट्रकवाल्यांना वाटलं मुलगी चुलतीबरोबर मागच्या ट्रकमध्ये आहे, कारण आईनं तसं सांगितलं होतं. मागच्या ट्रकवाल्यांना वाटलं ती आईबरोबर पुढं आहे, कारण आईनं तसंही सांगितलं होतं. दहाच्या सुमाराला ट्रक हलले.

साडेदहाला मामा सायकल हातात धरून फाटकातून आत आले. कॅरियरवर मुलगी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, केसांत उसाची पानं. पहाटेपासून ती शेजारच्या उभ्या खोडव्यात, म्हणजे पुढच्या हंगामासाठी वाढत असलेल्या उसात, लपून बसली होती.

मामांनी सायकल स्टँडला लावली. "आज वाढं न्हाई बाई," ते म्हणाले. "आईनं हिला दिली."

दुपारपर्यंत मी सगळे फोन केले. बालकल्याण समितीकडून सांगितलं की उद्या मुलीला आणि आईचं पत्र घेऊन या, तोवर तुमच्याकडं राहू दे. मी तिला घरी आणलं. ती जेवली. पोळीला आमच्याकडं चपाती म्हणतात यावर हसली. मग खिडकीशी जाऊन बसली.

साडेपाचला फोन वाजला. मुकादमाचाच नंबर. गाड्या चहाला थांबल्या होत्या आणि तिथं पोरगी नाही हे उघडकीला आलं होतं. फोन स्पीकरवर असावा, मागं गलका ऐकू येत होता.

"बाई, पोरगी तिथं ऱ्हायली का?"

"आहे," मी म्हणाले.

"तिला एस्टीत बसवून द्या. मी उतरून घेतो."

"तसं देता येत नाही. पालकांना यावं लागेल. आईवडील दोघांनीही, आधार घेऊन, बालकल्याण समितीपुढं. अर्ज द्यावा लागेल. मुलीचं वय आणि तुमच्याकडं काय ठरलंय तेही तिथं लिहून द्यावं लागेल." शाळेत मी जन्मभर लोकांना कागदांवरून परत पाठवत आले. त्यात कधी आनंद मिळाला नव्हता. त्या दिवशी मिळाला.

"तुमच्या रजिस्टरात पालक मीच हाय," तो म्हणाला.

"होतात. खोडलं मी."

मग फोन कुणीतरी ओढून घेतला. आई होती. तिचा आवाज मी तोवर कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "द्या बाई तिच्याकडं, द्या," ती ओरडत होती.

मी फोन मुलीच्या हातात दिला. तिच्या आईनं तिला शिव्या घातल्या. सगळ्या टोळीसमोर, दम न घेता. कुठं उलथली होतीस, बापाच्या तोंडाला काळं फासलंस, भाऊ रडून रडून निपचित पडलाय. ऐकणाऱ्या कुणालाही वाटावं की या बाईला पोरगी डोळ्यांसमोर नको आहे. मुलगी फक्त "हां" म्हणत होती. शेवटी आईचा आवाज फाटला. "पुन्हा माह्या दारात आलीस तर तंगडी मोडून ठिवीन. ऐकलं का? येऊ नको. आजिबात येऊ नको."

फोन बंद झाला. मुलीनं तो पदराला पुसावा तसा फ्रॉकला पुसला आणि मला परत दिला.

"बाई, मी गेले तर ती खरंच मारील का?"

खोटं बोलायची ती वेळ होती. मला जमलं नाही. "नाही," मी म्हणाले. "मारणार नाही."

"मंग मी जाऊ का?"

मी नको म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणाले. मग ती रडायला लागली, आणि मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.